सकपाळबाईंची सही

महाडच्या आमच्या कॉलेजात अकरावीच्या पहिल्या तासाला सकपाळबाई हजेरी घेत नसत. खडू हातात घेऊन वर्गातून एक फेरी मारायच्या आणि मागच्या बाकापासून सुरुवात करून एकेकाला विचारायच्या, "तुझ्या आईचं नाव घरात कशाकशावर आहे?" मुलं गोंधळायची. अर्थशास्त्राच्या तासाला आई कुठून आली, हे कुणालाच कळायचं नाही. कुणी म्हणायचं रेशनकार्डावर, कुणी म्हणायचं गॅसच्या पुस्तकावर, कुणाची आई बचत गटात असायची. एका वर्षी बिरवाडीकडची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "भांड्यांवर आहे, बाई."

वर्ग हसला. मुलगी मात्र गडबडली नाही. "हसायला काय झालं? पुरानंतर ओळखायला बरं पडतं. आमची परात पार मच्छी मार्केटपर्यंत गेली होती. आईच्या नावामुळे तर परत मिळाली." बाई स्वतःच खदखदून हसल्या. मग वळून त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'जंगम' आणि 'स्थावर'. म्हणाल्या, "जे पुरात वाहून जातं त्याच्यावर आईचं नाव. जे जागचं हलत नाही त्याच्यावर बाबांचं. झाला आपला पहिला धडा. पुस्तक उद्या आणा."

हे मला पलीकडच्या वर्गात ऐकू आलं. मी तिथं मराठी शिकवायचे. आमच्या दोन वर्गांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, त्यामुळे माझ्या कवितेत त्यांची महागाई शिरायची आणि त्यांच्या बाजारभावात माझी वृत्तं. मी वाईहून नवीनच आले होते. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूमच्या एका कोपऱ्यात डबा उघडून बसले असताना त्यांनी माझ्या झाकणात नाचणीच्या भाकरीचा चतकोर टाकला. "वाईची ना तू? खाऊन बघ. आणि त्या कोपऱ्यात बसू नकोस, तिथं गळतं." आमची ओळख एवढ्यावर झाली आणि पुढे जन्माची झाली.

बाई ठेंगण्या, काटक. सुती साडी, दंडावर घट्ट बसलेला ब्लाऊज, आणि पावसाळ्यात हातात पुरुषी काळी छत्री. बायकांच्या घडीच्या छत्र्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "ही छत्री नव्हे, रुमाल आहे," म्हणायच्या. वर्गात शुद्ध पुणेरी मराठी बोलायच्या, पण राग आला की पोलादपूरच्या डोंगरातली भाषा वर यायची. "काय रे, कान हायत का नायत तुला?" असं त्या ओरडल्या की मुलांना धाक वाटण्याऐवजी आपल्याच घरातलं कुणी ओरडल्यासारखं वाटायचं.

राष्ट्रीय उत्पन्न शिकवताना त्या पुस्तक बाजूला ठेवत. "तुझ्या आईनं दुसऱ्याच्या शेतात लावणी केली तर ती मजुरी. त्याच आईनं स्वतःच्या शेतात लावणी केली, कंबर तेवढीच दुखली, तरी विचारलं तर घरात काय सांगतात? 'ती काय करत नाय, घरीच असते.'" "आमच्या घरात बाईला फार मान आहे," असं कुणी म्हणालं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मान देता ते बरंच आहे. पण तो तिनं ठेवायचा कुठं? तिची जागा कुठाय?"

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी पाहिलं होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एसटी सोडून चढून जावं लागतं अशा एका वाडीत त्या जन्मल्या. वडील, तात्या, मुंबईला एका कँटीनमध्ये. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. आई लवकर गेली. घरात मोठा भाऊ, ज्यांना मीही पुढे दादाच म्हणू लागले, आणि भागाआत्या. आत्या म्हणजे तात्यांची बहीण. तिच्या नवऱ्यानं मुंबईत दुसरा संसार थाटला आणि ती तरुणपणीच माहेरी परत आली. तेव्हापासून भाताच्या रोपांसाठी राब भाजणं, लावणी, कापणी, गुरं, पाणी, सगळं तिनं ओढलं आणि पडवीत झोपली. पावसाळ्यात ओढा फुगला की तीच छोट्या मालतीला, म्हणजे आमच्या बाईंना, खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायची. "मी शिकले ती आत्याच्या खांद्यावर बसून," बाई सांगायच्या. दादांची शाळा मात्र सुटली. शेत कुणीतरी कसायला हवं होतं. हेही बाई सांगायच्या, विसरायच्या नाहीत.

नवरा त्यांना मोठा सज्जन मिळाला. मिस्टर सकपाळ एसटी डेपोत होते. घर बांधलं तेव्हा बाईंनी दोघांची नावं लावून घेतली, तीही त्यांचं आधी. "पोस्टमन मला 'सकपाळबाईंचे मिस्टर' म्हणतो," ते तक्रारीच्या सुरात सांगायचे, पण चेहरा तक्रारीचा नसायचा.

दर मार्चमध्ये बाई मुलांना चवदार तळ्यावर घेऊन जायच्या. गर्दी ओसरली की पायऱ्यांवर बसवून म्हणायच्या, "इथं माणसं पाण्यासाठी आली असं वाचता. ती नुसती तहानेनं आली नव्हती. हे पाणी आमचंही आहे, असं चारचौघांत सांगायला आली होती. आपल्याला घरातल्या घरात तेवढं सांगायचं धाडस होत नाही." आणि मग त्या आपल्याच समाजाबद्दल, शेतजमीनवाल्या कुणब्या-मराठ्यांच्या घरांबद्दल बोलायच्या. दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून बोलणं त्यांना जमत नसे.

रविवारी त्या गावोगाव जायच्या. काम एकच. ग्रामपंचायतीत घराच्या नोंदीला नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावून घ्या, हे सांगायचं. कधीकधी मीही जायचे. एकदा कशेडी घाटाच्या पायथ्याच्या एका गावात देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा होती. पुरुष सतरंजीवर, बायका बाहेर पायऱ्यांवर. बाई चपला काढून आत गेल्या आणि बसायच्या आधी म्हणाल्या, "त्यांना आत घ्या, मग बोलते. मला ओरडून बोलायची सवय वर्गात आहे, देवळात नको." बायका दाराच्या आत येऊन टेकल्या.

एक म्हातारेबुवा म्हणाले, "बाई, आमी काय बायकांना घराभायेर काढतो काय?"

"नाही ना? मग नाव लावायला हरकत कसली?"

मुंबईहून सुट्टीवर आलेला एक तरुण होता, गळ्यात इअरफोन. तो म्हणाला, "मॅडम, उद्या तिचा मूड गेला आणि तिनंच मला आउट केलं तर?"

"तर आधी तिला विचार, मूड कशानं गेला."

दाराजवळ हशा पिकला. त्या तरुणाची बायको त्यातच असणार, कारण तो कानापर्यंत लाल झाला. त्या दिवशी दोन-चार घरांनीच नावं लावायची तयारी दाखवली. परतताना मी जराशी नाराज होते. बाई छत्री टेकत पुढे चालत होत्या. म्हणाल्या, "बायका देवळात मोठ्यानं हसल्या ना? आजच्याला पुरे."

हे सगळं दुसऱ्यांच्या गावात चाललं होतं. मग तात्या गेले.

दिवसकार्य आटोपलं, वारसांची नोंद झाली, आणि नंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी दादा कॉलेजात आले. डोक्यावर टोपी, पायात चिखलानं जड झालेल्या चपला, हातात काकड्यांची पिशवी. त्यांना स्टाफरूममध्ये यायला संकोच वाटत होता. बाईंनीच हाताला धरून आणलं, खुर्ची दिली. मी उठायला लागले तर बाई म्हणाल्या, "बस गं, दादा आहे माझा."

दादांनी काकड्या टेबलावर ठेवल्या. थोडं इकडचं-तिकडचं झालं. मग म्हणाले, "माले, तेवढी तुझी सई लागंल."

"कशाला, दादा?"

पुण्याची एक पार्टी वाडीत येऊन गेली होती. त्यांना डोंगरउतारावर बंगले बांधायचे होते. घराची जागा आणि खालचं भाताचं शेत एकत्रच हवं होतं, कारण सपाटी आणि बारमाही झरा तिथंच. बहिणीनं हक्क सोडल्याशिवाय ते पुढे सरकणार नव्हते. दादांच्या मुलाला विरारला खोली घ्यायची होती. "खोली नाय तर पोरगी कोण देतो आजकाल? तीन ठिकाणी बोलणी मोडली," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात लोभ नव्हता, काकुळती होती.

"आणि आत्या?" बाईंनी विचारलं.

"आत्या येल की आमच्यासंगं विरारला."

"ती येते म्हणाली?"

"तिला काय विचारायचं?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घर आणि खालचं शेत आत्या आहे तोवर तिच्यासाठी राहू दे. वरचा उतार विक, मी लगेच सही देते."

"त्यांना तीच जागा हवी हाय. नुसता उतार घेऊन ते काय करतील?"

"मग मी नाही सही देणार, दादा."

दादांनी आपल्या चपलांवरच्या चिखलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी ऱ्हायलो म्हणून जमीन ऱ्हायली, माले. तू गेलीस. मी चिखलात आणि तू खडूत."

"खरं आहे तुझं," बाई म्हणाल्या. "अगदी खरं. म्हणून तर कस, पिकव, खा. मला एक दाणा नको. पण सही देणार नाही."

दादा उठून गेले. काकड्या तिथंच राहिल्या. संध्याकाळी शिपायानं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "घेऊन जा घरी. कोवळ्या आहेत." त्यांनी स्वतः एकही घेतली नाही.

व्यवहार मोडला. बातमी वाडीतून पोलादपूरला आणि पोलादपूरहून महाडला यायला वेळ लागला नाही. शिकली आणि भावाचं घर फोडलं, भाच्याचं लग्न अडवलं, पगार कमी पडतो का हिला, असं लोक बोलू लागले. आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "अर्थशास्त्र शिकवतात ना, अर्थ बरोबर कळलाय." बाई नेमक्या दारात होत्या. आत येऊन म्हणाल्या, "विनोद चांगला आहे. मराठी विभागाचा दिसतो." आणि माझ्याकडे पाहून हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

रविवारच्या फेऱ्या चालू राहिल्या, आणि तिथं तर लोकांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. एका सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या तोच मागून आवाज आला, "बाई, आधी भावाचं घर सांभाळा, मग आमच्या घराचं बघा." सगळे त्यांच्याकडे बघू लागले. बाईंचा हात पदराशी चाळा करत होता, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. माझ्या घरात वाद आहे. भाऊ माझ्याशी बोलत नाही. मला फार वाईट वाटतं. तरीपण सांगते, नावं लावून घ्या." आणि खाली बसल्या. त्यांचं एवढं छोटं भाषण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी भाऊबीजेला त्या नेहमीप्रमाणे वाडीवर निघाल्या. मिस्टर सकपाळांना ताप होता, म्हणून सोबतीला मी गेले. चढण चढताना त्या नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. आम्ही पोचलो तेव्हा दादा अंगणात होते. बहिणीला पाहून त्यांनी खांद्यावर कोयता टाकला आणि गुरांच्या वाटेनं रानात निघून गेले. बाईंनी ताट काढलं, निरांजन लावलं, ते दारातल्या तुळशीपाशी ठेवलं आणि पडवीत आत्यापाशी जाऊन बसल्या. दादांच्या बायकोनं, वहिनीनं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि न बोलता आत गेली.

आत्या अगदी वाळून गेली होती, पण नजर स्वच्छ. तिनं बाईंचा हात धरला. "सई दे गो माले. माझ्यापायी बहीणभावंडात वाकडं नको. माझं काय, आज हाय, उद्या नाय."

"आज आहेस ना आत्ये? मी आजचंच बोलते."

"विरारला पण माणसंच ऱ्हातात."

"तुला जायचंय का पण? खरं सांग."

बाहेर शेतात भाताचं खाचर कापणीला आलेलं होतं. तिकडे बघत आत्या म्हणाली, "कापणीचं काय होईल, असं मनात येतं." बाईंनी तिचा हात नुसता थोपटला. ज्या बाईसाठी त्या उभ्या राहिल्या होत्या तीच त्यांना बस म्हणत होती, आणि कोण चूक कोण बरोबर हे मला त्या पडवीत बसून सांगता आलं नसतं. घाट उतरताना बाईंनी एकदाच डोळे पुसले. ऊन फार लागतंय, म्हणाल्या.

मे महिन्यातली गोष्ट. मी बाईंच्या घरी पेपर तपासायला बसले होते. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार वाजलं. दारात वहिनी. हातात बाजाराची पिशवी, पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी आणि कांदे. घामानं पदर ओला झालेला. बाई चटकन उठल्या. "वहिनी! आत ये, बस. पाणी देते."

"पाणी नको वन्सं, एसटी चुकंल." वहिनी उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं. बाई म्हणाल्या, "आपलीच आहे."

वहिनी म्हणाली, "एवढंच सांगायला आले. तुमी सई देऊ नका."

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"घरात मी त्यांच्या बाजूनंच बोलते. तुमाला नावं पण ठेवते, ठेवावी लागतात. पण सई देऊ नका. विरारच्या त्या खोलीत मी काय करू, वन्सं? खोली पोराची, संसार सुनेचा. मी स्वयंपाकाच्या ओट्याखाली निजू? आत्याबायचं बघते ना मी. जन्म गेला पडवीत. पण पडवी तरी हाय. माझं तर नाव कशावरच नाय." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मी आलेले कळलं तर मोठं भांडण व्हईल."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शैला, तू आत चहा टाकत होतीस. तू काही ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं," मी म्हणाले.

वहिनी चहाला थांबली नाही. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग येऊन लाल पेन उचललं, पण एकही पेपर तपासला नाही. ते खाली ठेवून म्हणाल्या, "मला वाटत होतं, मी आत्यासाठी भांडतेय."

त्यानंतर लोकांचं बोलणं थांबलं नाही, उलट वाढलं. कुणी तोंडावर बोलायचं, कुणी लग्नाच्या पंगतीत ऐकू जाईल असं. एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं. 'माझ्या भावजयीलाच विचारा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. बाईंनी ते वाक्य कधी उच्चारलं नाही. मिस्टर सकपाळांनाही सांगितलं नाही. मी एकदा चिडून म्हणाले, "किती ऐकून घ्यायचं?" तर म्हणाल्या, "अगं, आता सोपं झालंय. पूर्वी मी हट्टी आहे की काय अशी शंका यायची, आता येत नाही." पण दिवाळी जवळ आली की त्यांचं बोलणं कमी व्हायचं. भाऊबीजेला त्या दरवर्षी जात राहिल्या आणि दादा दरवर्षी रानात जात राहिले.

त्या पार्टीनं शेजारच्या वाडीचा उतार घेतला. बंगले झाले, कंपाउंड झालं. ज्यांनी जमीन विकली त्यांच्यातलाच एक जण आता तिथं गेटवर बसतो; ज्या वाटेनं तो लहानपणापासून गुरं न्यायचा त्या वाटेचं कुलूप उघडतो आणि लावतो. दादांच्या मुलाचं लग्न झालं. बदलापूरला भाड्याची खोली, दोघंही नोकरीला, सुखात आहेत. दादा शेत कसत राहिले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे एक दाणा कधी मागितला नाही. महाडच्या दुकानातून तांदूळ घ्यायच्या आणि वास घेऊन म्हणायच्या, "आमच्या खाचराची सर नाही."

आत्या आपल्याच पडवीत गेली, कापणी उरकल्यावर. दादांनी स्वतः फोन केला. "आत्या गेली. ये." इतक्या वर्षांतले ते त्यांचे पहिले शब्द. बाई गेल्या. भावाबहिणीनं मिळून सगळं केलं. एकमेकांशी कामापुरतंच बोलले, आणि बाई परत आल्या.

निवृत्तीनंतर त्यांना आजारानं गाठलं. पोटाचं दुखणं, मुंबईच्या फेऱ्या. वजन उतरलं, आवाज तेवढा राहिला. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचे. एक दिवस गेले तर त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि चेहरा असा फुललेला, की मला वाटलं रिपोर्ट चांगला आला.

"दादा आला होता," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"प्रकृतीचं काही विचारलं नाही त्यानं. त्याला जमत नाही ते. बसला, छताकडे बघितलं, आणि म्हणाला, 'माले, खालच्या शेताचा बांध फुटलाय. दगडी घालावा म्हणतो. तुझं काय म्हणणं?'" बाईंनी माझा हात घट्ट धरला. "मला विचारायला आला गं! घाट उतरून, दोन एसट्या बदलून. बांध घालू का, म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, दगडी घाल, पण पाण्याला वाट ठेव." त्या हसल्या. "मला बांधातलं काय कळतं? पण विचारलं, तर काहीतरी सांगायला नको?"

पावसाच्या आधी बांध पूर्ण झाला. तो पाहायला जायचं बाईंच्या मनात होतं. ते राहून गेलं.

शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. हॉल भरला होता. रविवारच्या फेऱ्यांमधली गावं आली होती, जुने विद्यार्थी, डेपोतले लोक. पुढच्या रांगेत मिस्टर सकपाळ आणि त्यांच्या शेजारी दादा, टोपी मांडीवर ठेवून. भाषणं झाली. एका वक्त्यांनी, अर्थात चांगल्या भावनेनं, सांगितलं की बाई तत्त्वाला इतक्या पक्क्या, की तत्त्वापुढे त्यांनी सख्ख्या भावाचीही पर्वा केली नाही. दादांची मान खाली गेली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं. वहिनी. तिला माईककडे या म्हणून खुणावलं तर ती आली नाही, जागेवरूनच बोलली. "असं नाय झालं," ती म्हणाली. "मी सांगितलेलं वन्सना, सई देऊ नका म्हणून. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलेलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाय. माझ्यापायी बोलणी खाल्ली जन्मभर. आज त्या ऐकायला नायत, म्हणून मी सांगते." ती बसली. शेजारच्या एका बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दादा मागे वळून बघत होते. आपल्या बायकोला त्यांनी असं चारचौघांत बोलताना कधी पाहिलं नसावं.

सभा संपल्यावर मी त्या दोघांना सोडायला स्टँडवर गेले. पोलादपूरची गाडी यायची होती. दोघं बाकावर बसली, मध्ये पिशवी. मग दादा म्हणाले, "तेव्हाच मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय?" वहिनी म्हणाली.

दादांनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. त्यांना खोटं बोलता येत नसे, ते बाईही नेहमी सांगायच्या.

"तर मी हट्टानं बहिणीची सई कशी पण घेऊन जमीन विकली असती," ते म्हणाले.

"म्हणून नाय सांगितलं," वहिनी म्हणाली.

गाडी लागली. गर्दी नव्हती. दोघं मागच्या दारानं चढली आणि मला खिडकीतून हात करून गेली.